नाचणी उगवेपर्यंत

नाताळ किती दिवसांवर आला, हे मोठ्या माणसाला विचारावं लागत नाही. भिंतीवर कालनिर्णय असतं आणि खर्चाचा आकडा डोक्यात असतो. लहान मुलाला मात्र हा प्रश्न रोज पडतो, आणि रोज खरं उत्तर मिळूनही त्याचं समाधान होत नाही. ‘अजून अठरा दिवस’ यात चार वर्षांच्या जिवाला कळण्यासारखं काहीच नसतं. अठरा म्हणजे खूप, आणि खूप म्हणजे कधीच नाही. मग भोकाड. नाताळआधीच्या आगमनकाळात धर्मगुरू प्रतीक्षेचं महत्त्व सांगत असतात, तेव्हा लेकुरवाळ्या बायांच्या बाकांवर जी चुळबुळ चालते ती त्या प्रवचनाचं प्रात्यक्षिकच असते.

हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विखर्न यांनी १८३३ साली अनाथ आणि वाया गेलेली ठरवलेल्या पोरांसाठी एक आश्रम काढला. डिसेंबर लागला की तिथली पोरं हाच प्रश्न विचारून त्यांना भंडावत. १८३९ साली विखर्न यांनी गाडीचं एक लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, मधल्या वारांच्या लहान तांबड्या. रोज एक जास्तीची लावायची, म्हणजे किती उरले ते पोरांनी आपलं आपण पाहावं. पुढे चाक गेलं, हिरव्या फांद्यांचं कडं आलं, मेणबत्त्या चारच राहिल्या, आणि प्रोटेस्टंटांची ही युक्ती विसाव्या शतकात कॅथलिक चर्चमध्येही शिरली. आमच्या वसईच्या धर्मग्रामांत आगमनकाळाच्या चार रविवारी वेदीजवळ तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती लावतात. या रिवाजाच्या मुळाशी धर्मशास्त्रापेक्षा पोरांची भुणभुण जास्त आहे, हे मला फार आवडतं. म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापील नाताळ-कॅलेंडर काढलं, तेही त्यांच्या लहानपणी आईने पुठ्ठ्यावर खाऊ लावून दिला होता, त्या आठवणीतून. पुढे त्याला उघडायच्या खिडक्या आल्या, आणि आता त्या खिडक्यांमागे मोठ्यांसाठी लिपस्टिकसुद्धा निघते. पण मूळ गरज आईची आणि पोराची होती.

आमच्या घरी हे काम नाचणी करते.

नाताळच्या दोन आठवडे आधी वाडीतली माती चाळून एका पसरट पत्र्याच्या ताटात भरायची. रात्रभर भिजलेली नाचणी त्यावर अशी दाट पेरायची की माती दिसू नये. वरून ओलं गोणपाट, आणि ताट पलंगाखाली अंधारात. दोन दिवस काही घडत नाही. म्हणजे मोठ्यांच्या दृष्टीने घडत नाही. आमचा धाकटा दर तासाला पलंगाखाली सरपटत जातो, गोणपाट उचलतो, बोटाने माती उकरतो आणि ‘झोपलीय’ अशी खबर आणतो. तिसऱ्या दिवशी दाण्यांना पांढरी टोकं फुटतात. गोणपाट काढून ताट खिडकीत ठेवलं की ते फिकट कोंब पाहता पाहता हिरवे होतात. मग पाणी कोणी घालायचं यावर मारामारी. थोरलीने घातलं की धाकटा घालतो, धाकट्याने घातलं की थोरलीला आधीचं मोजायचं नसतं, आणि ताटाच्या एका कोपऱ्यात हमखास बुरशी धरते. थोरली रोज सकाळी आपली करंगळी कोंबांशेजारी उभी करून पाहते. कोंब बोटाच्या दुसऱ्या पेराला लागले की नाताळ आला. ‘अजून अठरा दिवस’पेक्षा हे हजार पटींनी चांगलं उत्तर आहे. त्याला वास आहे, ते ओलं लागतं, आणि रोज बदलतं. चोवीस तारखेला ही हिरवळ येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात जाते. तिच्यावर मातीच्या मेंढ्या चरतात, मेंढपाळ बसतात.

गोव्यात आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतही गोठ्यासाठी अशीच नाचणी पेरतात. पण ही गंमत आपल्याच किनाऱ्याची आहे असं नाही. फ्रान्समधल्या प्रोव्हाँसमध्ये ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, तीन बश्यांत गहू भिजत घालतात. क्रोएशिया आणि हंगेरीत १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, गहू पेरतात. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरून नऊ दिवस त्याचे कोंब वाढताना पाहणाऱ्या शेजारच्या घराला आमच्या ताटाचं काय नवल? दिवाळीत त्याच घरची मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात आणि त्यावर हळीव पेरून डोंगर हिरवा करतात. किल्ल्यावर मावळे, गोठ्यात मेंढपाळ. आमच्या वाडीत काही मावळे दरवर्षी डिसेंबरात काठी घेऊन मेंढ्या राखायला येतात; मातीच्या चित्रांची उसनवारी मुलांनी परस्पर ठरवलेली आहे. वसईला असल्या देवघेवीची सवय जुनी आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली ती २३ डिसेंबरच्या तहाने, ऐन नाताळच्या तोंडावर. १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच, १७२१ सालची. ती कुठल्या तरी नाताळच्या रात्री इथे वाजली असणार आणि एखादं झोपलेलं पोर दचकून उठलं असणार, असं मला नाशिकला गेलं की वाटतं.

हे झटपट उगवणं प्लेटोला मात्र पसंत नव्हतं. अथेन्समधल्या बायका ॲडोनिसच्या सणाला कुंड्यांत नि खापरांत बी पेरून ती गच्चीवर ठेवत. रोपं आठवडाभरात तरारत आणि उन्हात तितक्याच लवकर कोमेजत. ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस विचारतो की, शहाणा शेतकरी आपलं मोलाचं बियाणं असल्या आठ दिवसांच्या बागेत पेरील का? पेरलंच तर खेळ म्हणून, सणापुरतं. खऱ्या शेतीत तो योग्य जमिनीत पेरील आणि आठ महिन्यांनी पीक आलं तरी समाधान मानील. शेतीपुरतं बोलायचं तर सॉक्रेटिसचं बरोबर आहे. आमच्या सासऱ्यांचंही तेच मत आहे. पण आठ महिने कळायला आधी आठ दिवस कळावे लागतात. वाट पाहणं हे मुलाला आपोआप येत नाही. ते हाताने शिकावं लागतं, आणि त्यासाठी आठ दिवसांचीच बाग बरी.

गोठ्याची गोष्टसुद्धा अशीच खेळातून वाढलेली आहे. लूकच्या शुभवर्तमानात फार थोडं आहे. जागा नव्हती म्हणून बाळंतिणीने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, एवढंच. बैल नाही, गाढव नाही, ‘जागा नाही’ असं सांगणारा धर्मशाळेचा मालकही नाही. बैल आणि गाढव यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एका वचनावरून पुढे आत आले. ज्ञानी लोक मत्तयच्या शुभवर्तमानात आहेत, पण ते किती होते हे त्याने सांगितलेलं नाही, आणि त्यांचे उंट तर आपणच आणले. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेचो गावात एका गुहेत गव्हाण मांडली, गवत आणलं, जिवंत बैल नि गाढव उभं केलं, आणि गावकऱ्यांना मशाली घेऊन रात्री बोलावलं. हे बाळ कसं अडचणीत, गारठ्यात, गवतावर निजलं होतं, ते मला डोळ्यांनी पाहायचंय, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रवचनाने जे होत नव्हतं ते गवताच्या वासाने होईल, हे त्या माणसाला कळलं होतं. पोरांना वाढवणारी कुठलीही बाई त्यांना हेच सांगू शकली असती.

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्च बंद पडली तेव्हा प्रोव्हाँसमधले लोक घरातच छोटे गोठे मांडू लागले. मातीच्या स्वस्त मूर्ती झाल्या. त्यात मेंढपाळांच्या जोडीला गावचा पाववाला, कोळीण, चाकूंना धार लावणारा असे सगळे आले. नेपल्समध्ये तर मूर्तिकारांची एक अख्खी गल्ली आहे, आणि तिथे दरवर्षी गाजलेले फुटबॉलपटू नि पुढारीसुद्धा गोठ्यात जाऊन बसतात. कॅटेलोनियात एका कोपऱ्यात शौचाला बसलेला शेतकरी असतो. तो नसला तर गोठा अपुरा मानतात. ही माहिती मी घरात एकदाच सांगितली आणि नंतर पुष्कळ दिवस दुसरा विषय निघाला नाही. आमच्या गोठ्यात सध्या एक पिवळा जेसीबी आहे. गव्हाणीकडे जायचा रस्ता तो करतोय, असं धाकट्याचं म्हणणं. धर्मग्रामाच्या गोठा-स्पर्धेत त्याला गुण मिळणार नाहीत. ग्रेचोच्या संतांनी तो ठेवू दिला असता असं वाटतं.

नाताळ हा मुलांचा सण, हे आज इतकं उघड वाटतं की तो तसा फार उशिरा झाला याचा विसर पडतो. इंग्लंडात शतकानुशतकं तो मोठ्यांचा होता. खाणं, पिणं, जुगार, रस्त्यावरचा धिंगाणा. प्युरिटनांना तो इतका खटकला की १६४७ साली तिथल्या पार्लमेंटने तो बंदच केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून काही वर्षं नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडात तर २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. सण रस्त्यावरून घरात आला तो एकोणिसाव्या शतकात. १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका वर्तमानपत्रात छापल्या गेलेल्या एका निनावी कवितेने संत निकोलसला धुराड्यातून मुलांच्या मोज्यांपर्यंत उतरवलं. १८४३ साली डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ आली. बारा वर्षांचा असताना ज्याला बुटपॉलिशच्या कारखान्यात कामाला बसवलं होतं, त्या माणसाने मुलांचा नाताळ लिहावा, यात काही योगायोग नाही. आणि १८४८ साली राणी व्हिक्टोरियाचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं असल्याचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात आलं. त्या चित्रात राणी, नवरा, मुलं सगळी झाडाकडे बघताहेत. झाड कोणी आणलं, कोणी सजवलं, दुसऱ्या दिवशी खालचा कचरा कोणी काढला, ते चित्रात नाही.

सण घरात आला म्हणजे तो बाईच्या अंगावर आला. शाळेला सुट्टी लागते, ऑफिसला एखादा दिवस लागते, स्वयंपाकघराला लागत नाही. बांबूवर चांदणी चढवून पुरुषांचा नाताळ सुरू होतो आणि बहुतेकदा तिथेच बराचसा संपतो. बायकांच्या वाट्याला करंज्या, केक, दुधाच्या वड्या, कुलकुल, डुकराचं इंदाळ, सगळ्यांचे नवे कपडे आणि पाहुण्यांची अंथरुणं. कुलकुल तर मला कायम एक शिक्षा वाटत आलेली आहे. रवा-मैद्याच्या पिठाची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून पसरायची, अलगद गुंडाळायची, तळायची. अशा किलोभर. पण याच कामाला मुलं बसवली की त्यांचा अर्धा दिवस भांडणावाचून जातो, हे सासूबाईंकडून शिकले. थोरलीचे कुलकुल शंखासारखे होतात, धाकट्याचे खड्यांसारखे. धाकट्याचे तेलात उलगडतात, काही आतून कच्चेही राहतात. शेजारी पाठवायच्या ताटात तेही ठेवावे लागतात, कारण तो मोजून पाहतो. दिवाळीत त्या घरून आलेल्या फराळात त्यांच्या मुलीची चारी बाजूंनी फुटलेली चकली होतीच.

नाताळबाबाविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. सांताक्लॉज खरा आहे का, असं न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वर्तमानपत्राला आठ वर्षांच्या व्हर्जिनिया ओ’हॅनलनने पत्र पाठवून विचारलं. १८९७ साली त्यावर जो अग्रलेख निघाला तो अजून छापला जातो. खऱ्याखोट्याचा प्रश्न मला छळत नाही. राक्षस आणि पऱ्या चालतात तर तोही चालेल. छळतं ते ‘गुणी मुलांनाच देतो’ हे. डिसेंबरभर घरोघरी ‘सांता बघतोय हं’ या धाकावर मुलांना जेवायला आणि झोपायला लावलं जातं. गव्हाणीतलं बाळ कोणाचंही प्रगतिपुस्तक तपासत नाही. ते स्वतःच रात्री-अपरात्री रडणारं, दूध मागणारं, दुसऱ्याच्या दयेवर असलेलं आहे. मुलांना ते चटकन आपलं वाटतं, त्याला लाल डगल्याची गरज पडत नाही.

अर्थात बाळं म्हणजे निष्पाप, हेही सरसकट मानायचं कारण नाही. संत ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’च्या पहिल्याच भागात एका तान्ह्याचं वर्णन केलंय. बोलता येत नव्हतं, पण त्याच दाईच्या अंगावर दुसरं बाळ पिताना पाहून ते रागाने पांढरंफटक पडलं होतं. ऑगस्टिन यांचा यावरचा निष्कर्ष कडक आहे, तो मी घेत नाही. निरीक्षण मात्र बापाचं आहे. ते खरोखरच एका मुलाचे बाप होते. पंचवीस तारखेच्या सकाळी दोन भावंडांपुढे दोन खोकी ठेवून पाहा. दोघांनाही एकच खोकं हवं असतं. अर्ध्या तासाने दोन्ही खेळणी बाजूला पडतात आणि रिकाम्या पुठ्ठ्यासाठी युद्ध पेटतं. आदल्या रात्रीच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ सुरू होण्यापूर्वीच दोघं खांद्यावर गाढ झोपलेली असतात. गव्हाणीत बाळ ठेवण्याचा क्षण, ज्यासाठी महिनाभर जीव काढला, तो त्यांना दुसऱ्या दिवशी सांगावा लागतो. बहुतेक घरांत हेच होतं आणि त्यात हळहळण्यासारखं काही नाही. त्यांचा नाताळ आधीच झालेला असतो. पलंगाखाली आणि काट्याच्या पाठीवर.

खरी कसोटी पुढच्या आठवड्याची. चर्चच्या पंचांगात नाताळकाळ २५ डिसेंबरला सुरू होतो. बाजाराच्या पंचांगात तो त्या दिवशी संपतो. मुलं या दोन्हींच्या मधे सापडतात. शाळा बंद, खोकला चालू, केक संपत आलेला, मोठी माणसं थकलेली. वाडीत सुकेळी वाळत घातलेली असतात तिथे कावळे राखायला बसवावं, तर राखणदारच निम्मी खातात. अशा दिवसांत २८ डिसेंबर येतो, निरपराध बालकांचा सण. हेरोदाने बेथलेहेममधली दोन वर्षांची आणि त्याखालची मुलं मारायला लावली, हे त्याच मत्तयने लिहून ठेवलंय ज्याने तारा आणि सोनं-ऊद लिहिलं. योसेफ रातोरात मायलेकरांना घेऊन मिसरात पळाला. गोठ्यात हे कोणी मांडत नाही; मीही मुलांना अजून सांगितलेलं नाही. पण २०२३च्या डिसेंबरात गाझात मुलं मरत होती. त्या वर्षी बेथलेहेममध्ये नाताळची रोषणाई रद्द झाली. तिथल्या लुथरन चर्चमध्ये गव्हाणीऐवजी पडक्या घराच्या दगडविटांचा ढीग मांडून त्यात बाळ येशू ठेवला. ते छायाचित्र पाहिल्यावर आमच्या गोठ्यातल्या जेसीबीकडे बघवेना. थोरली सात-आठ वर्षांची झाली की तिला सांगावं लागेल. ही गोष्ट तिला शाळेतून किंवा फोनवरून कळण्याआधी घरातून कळलेली बरी.

३१ तारखेला वाडीतली पोरं जुन्या कपड्यांत पेंढा भरून म्हातारा करतात, त्याला खुर्चीत बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसे गोळा करतात आणि मध्यरात्री पेटवतात. जुनं वर्ष गेलं हे मुलांना समजावण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही. प्रकटीकरणाचा सण झाला की गोठा आवरायचा. मूर्ती कागदात, चांदणी माळ्यावर, पिवळी पडलेली नाचणी कोंबड्यांपुढे.

तयार गोठे आता ऑनलाइन मिळतात, प्लॅस्टिकच्या हिरवळीसकट, आणि दोन दिवसांत घरी येतात. ते घेऊ नका. मूर्ती घ्या हव्या तर, हिरवळ पेरा. सण कुठला का असेना, घरात लहान मूल असेल तर पावशेर नाचणी पुरते. नाताळसाठी डिसेंबरच्या १० तारखेच्या आत रात्री भिजत घाला, सकाळी दाट पेरा, तीन दिवस झाकून ठेवा. पाणी घालायचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या. एका कोपऱ्यात बुरशी येईल. येऊ द्या.